१५ इंची काढून १७ इंची व्हील टाकली, म्हणून आखूड स्प्रिंगा टाकून गाडी खाली घ्यायची? कोकणात?

जांभा_१५
काल इथे एका भाऊंनी ठासून लिहिलंय, "१७ ची व्हील टाकलीत की गाडी ३० मिमी खाली घ्याच. नाहीतर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लावणीला निघालेल्या माणसासारखी दिसते." खाली भराभर अंगठे, निम्मे चिपळूण-रत्नागिरीचे. म्हणून राहवलं नाही.

१८५/६५ आर१५ टायरची साइडवॉल, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधलं रबर, १२० मिमी. २०५/४५ आर१७ ची ९२. चाकाची एकूण उंची जवळपास तीच, ६२१ ची ६१६. म्हणजे रिम वाढली ती रबराच्या पोटातून. खड्ड्याचा पहिला दणका जे रबर खायचं, त्यातलं २८ मिमी गेलं. तो दणका आता स्प्रिंग आणि शॉकअपने खायचा, आणि त्यांचीच दबायची जागा आपण ३० मिमीने कमी करायची! पाहुणे वाढले म्हणून पातेलं लहान आणण्यातला प्रकार.

गेल्या श्रावणात मेहुण्याची अशीच खाली घेतलेली गाडी हातखंब्याच्या अलीकडे रात्री साडेअकराला बसली. मोबाइलच्या उजेडात बघतो तर रिमची आतली कड जर्मनच्या टोपासारखी चेपलेली आणि टायरला लिंबाएवढा फुगा. वरून धो धो. मागच्या सीटवर सासूबाई जप करतायत.

सतरा_इंची
ते भाऊ मीच. मेहुण्यांनी स्प्रिंग कापून घेतली होती की पूर्ण सेट टाकला होता? हे न सांगता सासूबाईंचा जप सांगितलात.
खाली घेण्याच्या सेटची स्प्रिंग कडक असते, ती कमी जागेतच दणका अडवते. सोबत तिच्या मापाचा शॉकअप हवा, जुन्यावर भागत नाही. मऊ स्प्रिंगवर रुंद टायर टाकलात तर वळणावर टायर धरतो आणि वरची बॉडी होडीसारखी झुलते. आंबा आणि कुंभार्ली घाटात ४० हजार किमी काढलेत मी, एकही रिम गेली नाही. ज्याला चालवता येत नाही त्याला बैलगाडीचं चाक दिलं तरी तो खड्ड्यातच घालणार.

जांभा_१५
पूर्ण सेट होता, बिल घरी आहे. आणि मेहुणा वीस वर्षं एसटी चालवतो.

खाडीपलीकडे
स्प्रिंगवर भांडताय, रस्त्याचं कोणी बोलणार आहे का? मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता, आता स्वतः गाडी शिकतोय. १७ नंबरचा हायवे ६६ नंबरचा झाला, आकडा तेवढा वाढला. रस्ता धड असता तर १७ काय, १९ ची टाका.

मालवणी_मिसळ
हायवे रवांदे. गणपतीक मुंबयची गाडी इली की आमच्या जांभ्याच्या वाटेर बसता आणि उचलूक आमी चार जण. तेच्यानंतर वर तोंड करून ईचारतत, "रस्ता का नाही करून घेत तुम्ही?"

दादर_ते_देवगड
आलात शेवटी चाकरमान्यांवर! वाडीच्या रस्त्याला वर्गणी मुंबई मंडळाची, देवळाच्या पत्र्याला आमची, आणि चार दिवस गाडी आणली तर डोळ्यांत खुपते. गेल्या वर्षी माझी गाडी ढकलायला तुम्ही नव्हतात, शेजारच्या वाडीतले आले होते.

मालवणी_मिसळ
वर्गणीचो हिशोब हयसर नको. पावती पुस्तक माझ्याकडे आसा.

दादर_ते_देवगड
दाखवाच. २०१९ पासूनचं.

खाडीपलीकडे
आणि ते गतिरोधक! शाळेपुढे एक समजू शकतो. आमच्याकडे सरपंचांच्या दारात दोन आहेत, पांढरा पट्टा एकावरही नाही.

पाना_१९
वर्गणीचं आटोपलं असेल तर बोलू? कुडाळात गॅरेज आहे, रोज हेच बघतो.
सतरा_इंची म्हणतात त्यात चूक नाही, पण गिऱ्हाईक तसं करत नाही. शॉकअपचे पैसे ऐकले की म्हणतो, नुसत्या स्प्रिंगा टाक. सहा-आठ महिन्यांत शॉकअपमधून तेल, मग लिंक रॉड, मग लोअर आर्मचा बुश. कापलेली स्प्रिंग तर चाक अधांतरी लोंबलं की बैठकीतून सुटते, परत बसताना तिरकी बसते. गाडी खाली घेतल्यावर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर रोख, बदलतो, तरी अलाइनमेंट कोणी करत नाही. टायर आतल्या बाजूने धागे दिसेपर्यंत झिजतो, बाहेरून नवा कोरा.
दुसरं, टायरवरचा लोड नंबर बघा. मूळचा ८८ असेल, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. नव्यावर ८४ असेल तर ५००. पाच माणसं, फणस आणि तांदळाची गोणी घालून मुंबईला निघता, तेव्हा हे आठवावं. वर गाडी मऊ लागावी म्हणून हवा कमी करता. बारीक साइडवॉलला हवा कमी म्हणजे रिम सरळ दगडावर.
आणि समुद्राकाठच्या गाड्यांच्या स्प्रिंग बसते त्या खालच्या वाटीत चिखल आणि खार साचून स्प्रिंग तिथेच गंजते. दोन मोडलेल्या आत्ता बाकड्याखाली आहेत, दोन्ही किनाऱ्यावरच्या गाड्यांच्या. पावसाळ्यानंतर पाण्याचा फवारा मारा तिथे, फुकट आहे.
माझं मत विचाराल तर १६ वर १९५/५५ टाका, साइडवॉल १०७ राहते. उंचीला हात लावू नका.

सतरा_इंची
लोड नंबर बघून आलो. ८४. ठीक आहे, टायर बदलतो, जास्त वजन पेलणारा एक्सएलचा ८८ घेतो. पण १६ इंच हा म्हाताऱ्यांचा तोडगा आहे आणि स्प्रिंगा मी काढणार नाही.

जांभा_१५
नका काढू. फक्त कोकणातल्या लोकांना "घ्याच" म्हणून सांगू नका.

सतरा_इंची
बरं. "घ्याच" च्या जागी "पुण्यात घ्या" लिहितो. खूश? तसंही गणपतीला जुनी १५ ची चढवूनच येतो मी.

जांभा_१५
काय??

सतरा_इंची
वडिलांची गाडी आहे, त्यांनी दम दिलाय.

मालवणी_मिसळ
बापाशीक माझो नमस्कार सांग. आणि दादरवाल्यानु, पुस्तक गावला. २०२१ ची तुमची पावती तेच्यात नाय.