आरएनएचा उतारा निघाला म्हणजे तो कामाचाच?

दप्तरदार: डीएनएवरून आरएनए बनतो त्याला पुस्तकात प्रतिलेखन म्हणतात. मी वर्गात सातबाऱ्याचा उतारा म्हणतो. मूळ दप्तर केंद्रकात कुलपात, आरएनए पॉलिमरेज हा कारकून लागेल तेवढंच पान उतरवून देतो. ('टी'च्या जागी 'यू' लिहितो, ती त्याची खोड.) आता उतारा निघतो तो कुणी मागितल्याशिवाय का? 2012 साली एन्कोड प्रकल्पाने (माणसाच्या डीएनएतला कुठला भाग काय करतो हे शोधणारा) मानवी जनुकसंचाचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा, 80 टक्के भाग कार्यरत ठरवला. प्रथिनं बनवायच्या कृती त्यात जेमतेम दीड-दोन टक्के. उरलेल्याला कचरा म्हणणाऱ्यांनी शब्द मागे घ्यावेत. एकट्या डिस्ट्रॉफिन जनुकाचा उतारा काढायला 16 तास लागतात. एवढी मेहनत पेशी उगाच करेल?

कांदेभजी: सर, त्या 16 तासांतला 99 टक्क्यांहून जास्त मजकूर इंट्रॉन (उताऱ्यातले वगळायचे तुकडे) म्हणून कापून टाकतात. हा पुरावा तुमच्या बाजूचा की माझ्या?

आणि तुमचा कारकून अर्ज बघून बसत नाही. दार उघडं दिसलं की बसतो. बऱ्याच जनुकांच्या सुरुवातीला तो उलट्या दिशेनेही लिहीत सुटतो, हे 2008 मध्ये दिसलं. ते तुकडे पेशी लगेच फाडून टाकते. एन्कोडची 'कार्यरत'ची व्याख्याच अशी सैल, की नुसता उतारा निघाला तरी पास!

आता कांद्याचा डीएनए बघा. माणसाची अक्षरं सुमारे 3 अब्ज, कांद्याची 16 अब्ज. त्याच्याच प्रजातीतल्या भाऊबंदांत हा आकडा 7 ते 31 अब्जांपर्यंत हलतो. सगळं कामाचं असेल तर कांद्याला आपल्या पाचपट काम कसलं?

तिरंगी_मनी: भजीदादा, कांदा पटला, पण सगळंच रद्दीत घालू नका. एक्झिस्ट नावाच्या जनुकापासून एकही प्रथिन बनत नाही, बनतो तो 17 हजार अक्षरांचा नुसता आरएनए. तरी मादीच्या प्रत्येक पेशीतलं एक एक्स गुणसूत्र तोच गप्प करतो. माझ्या मांजरीच्या अंगावरचे काळे-केशरी ठिपके त्याचीच करणी. 1991 पूर्वी हेही रद्दीतच गेलं असतं.

कांदेभजी: ताई, एक्झिस्ट मान्य. पण रद्दीत एक दागिना सापडला म्हणून रद्दीवाल्याकडे सोन्याचा भाव मागू नये.

खमीर: दोघेही उताऱ्याच्या कागदावरच भांडताय. यीस्टमध्ये एसआरजी1 या जनुकाचा आरएनए स्वतः काहीच करत नाही. पण तो लिहिताना पॉलिमरेज शेजारच्या एसईआर3 जनुकाच्या दारावरून जातो, आणि ते जनुक बंद राहतं. कागद फुकट, पण लिहिणं कामाचं. हे तुम्ही कुठल्या टक्क्यात धरणार?

दप्तरदार: खमीरराव, हे मला माहीत नव्हतं. बरं, 80 सोडतो. पण 2 वर येणार नाही.

कांदेभजी: भावच करायचा तर 2014 मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने सस्तन प्राण्यांचे जनुकसंच ताडून माणसातला कामाचा भाग 8.2 टक्के काढलाय. त्यावर तोडा.

दप्तरदार: त्यात खमीररावांचं 'लिहिणं' धरलंय का, तेवढं आधी सांगा.