चाळणीतून तेल सुटतं

व्याज निषिद्ध, म्हणून इस्लामी वित्तव्यवस्था मुळातच पर्यावरणपूरक, असं काहीजण म्हणतात; हा मुद्दा मला पटत नाही. शरियतची चाळणी दारू, जुगार, व्याजी बँका गाळते. तेल आणि कोळसा तिच्यातून बिनदिक्कत सुटतात. अरामको या सौदी तेलकंपनीने २०२१ मध्ये ६ अब्ज डॉलर उभारले ते सुकूकमधूनच, म्हणजे शरियतला चालणाऱ्या बिनव्याजी रोख्यांमधूनच.

तरी सुकूकची रचना सौरऊर्जेला फार सोयीची आहे, हे मान्यच. पैशामागे खरी मालमत्ता लागते आणि गुंतवणूकदाराला तिच्या भाड्यात किंवा नफ्यात वाटा मिळतो. सौरप्रकल्पाचा बहुतेक खर्च सुरुवातीलाच होतो; पुढे इंधनाचा खर्च नाही, आणि वीजविक्रीचा करार झालेला असला की उत्पन्न वर्षानुवर्षं ठरलेलं. मलेशियाच्या साबा राज्यात कुदात इथे ५० मेगावॅटचा सौरप्रकल्प २०१७ मध्ये अशाच २५ कोटी रिंगिटच्या हरित, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीच काढलेल्या, सुकूकवर उभा राहिला. पुढच्याच वर्षी इंडोनेशिया सरकारने सव्वा अब्ज डॉलरचा हरित सुकूक काढला.

पण मलेशियात हे आपसूक घडलं नाही. तिथल्या रोखे आयोगाने २०१४ मध्येच त्यासाठी वेगळी चौकट आखली होती. मला तर वाटतं, कोळशावरच्या वीजकेंद्राचा सुकूक समोर आला की तो शरियतला धरून आहे का हे ठरवणाऱ्या शरिया मंडळांनी व्याजाइतकाच कसून धुराचाही हिशेब मागायला हवा.