आई-बाबांसाठी सबवे: जर्नल स्क्वेअर ते 81 स्ट्रीट

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात आई-बाबा पुण्याहून येत आहेत. आम्ही कामावर असताना त्यांना इथल्या जर्नल स्क्वेअरहून न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमला आपलं आपण जायचं आहे. सबवेचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं, मेट्रोकार्ड कुठे मिळेल? बाबांचं भारतातलं कार्ड चालेल का? आईला जिने फार झेपत नाहीत.
– जर्सी सिटीहून

पुन्हा: आई-बाबांसाठी सबवे
मेट्रोकार्डाची विक्री 31 डिसेंबर 2025 ला बंद झाली. आता टॅप होणारं बँकेचं कार्ड, फोन, नाहीतर स्टेशनातल्या मशिनवर मिळणारं ओम्नी कार्ड. भाडं 3 डॉलर.

भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं. मात्र रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशातला वापर आणि टॅप, दोन्ही मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते पुण्यातच चालू करून घ्या. इथे आल्यावर करायला गेलं तर ओटीपी भारतातल्या नंबरवर जातो आणि रोमिंग नसेल तर सगळं अडतं.

दोघांना दोन वेगळी कार्डं द्या. पहिल्या टॅपपासून सात दिवसांत एका कार्डावर 35 डॉलर भरले की उरलेल्या दिवसांच्या फेऱ्या फुकट. एकाच कार्डावर दोघांना आत घेतलं तर दुसऱ्याचं भाडं या हिशेबात धरलं जात नाही. आज प्लास्टिकचं कार्ड आणि उद्या तेच कार्ड फोनमधून, असंही नको. मशिनच्या लेखी ती दोन कार्डं. टॅप केल्यावर 'गो' दिसेपर्यंत थांबा, घाईत दुसऱ्यांदा टॅप केलं की दुसरं भाडं कापलं जाऊ शकतं.

पॅथ, म्हणजे न्यू जर्सीहून मॅनहॅटनला येणारी गाडी, तिचं भाडं वेगळं. तिथून सबवेला फुकट बदली नाही.
– क्वीन्सहून

पुन्हा: पुन्हा: आई-बाबांसाठी सबवे
आता रस्ता. कामाच्या दिवशी दिवसा जर्नल स्क्वेअरहून 33 स्ट्रीटची पॅथ, वर आलं की हेराल्ड स्क्वेअर स्टेशन. तिथून अपटाउनची (उत्तरेकडची) 'बी' गाडी थेट 81 स्ट्रीटला जाते आणि म्यूझियमला स्टेशनातूनच दार आहे.

खरी फसगत इथेच होते. 'बी' आणि 'डी' दोन्ही केशरी आणि दोन्ही एकाच फलाटाला लागतात. 59 स्ट्रीटपर्यंत कुठलीही चालेल, पण पुढे 'बी' स्लो आणि 'डी' फास्ट. 'डी'चं पुढचं स्टेशन एकदम 125! आई-बाबांना रंग सांगूच नका, अक्षर पाठ करायला सांगा. आणि इथे 'लोकल' म्हणजे आपली स्लो, हेही. चुकून 125 ला पोहोचले तर बाहेर न पडता पलीकडच्या फलाटावर जाऊन डाउनटाउनची (दक्षिणेकडची) 'बी' किंवा 'सी' पकडायची.

शनिवार-रविवारी 'बी' नसते. तेव्हा 'डी'ने 59 ला उतरून 'सी'. त्या दिवसांत रुळांची कामंही निघतात, त्यामुळे सकाळी एमटीएचं (सबवे चालवणाऱ्या संस्थेचं) ॲप पाहिल्याशिवाय निघू नये.

परतताना 81 ला एक मजला आणखी खाली उतरायचं, डाउनटाउनचा फलाट तिथे आहे.
– मॅनहॅटनहून

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: आई-बाबांसाठी सबवे
जिन्यांचा प्रश्न राहिला. आईंना 81 ला नेऊच नका, 59 स्ट्रीट-कोलंबस सर्कलला उतरवा. जर्नल स्क्वेअर, 33 स्ट्रीट, हेराल्ड स्क्वेअर, 59 स्ट्रीट, चारही ठिकाणी लिफ्ट आहे. वर आल्यावर सेंट्रल पार्क वेस्टवरून उत्तरेकडे जाणारी एम-10 बस म्यूझियमसमोर थांबते. पहिल्या टॅपपासून दोन तासांत तेच कार्ड टॅप केलं की बस फुकट. शिवाय 59 पर्यंत 'बी' आली काय न् 'डी' आली काय, सारखंच. लिफ्ट बंद असेल तर तेही ॲपमध्ये कळतं.

एरवी फिरताना मात्र एक गोष्ट: बऱ्याच छोट्या स्टेशनांना अपटाउन आणि डाउनटाउनची दारं रस्त्याच्या दोन बाजूंना असतात आणि आतून पलीकडे जाता येत नाही. त्यामुळे दारावरची पाटी टॅप करण्याआधी वाचायची. फलाटावर मधोमध उभं राहायचं, कंडक्टरचा डबा तिथेच येतो आणि शंका त्याला विचारता येते. गर्दीच्या वेळी एखादाच डबा रिकामा दिसला तर त्यात चढू नये. बहुतेक वेळा आत एसी बंद असतो किंवा दुर्गंधी असते.
– ब्रुकलिनहून