अनुबोधपट, माहितीपट, वृत्तचित्र. आणि पॉडकास्टला काय म्हणावे?

प्रश्न : आडवळणाच्या विषयांवरील डॉक्युमेंटऱ्या जालावर शोधताना ‘अनुबोधपट’, ‘माहितीपट’ आणि ‘वृत्तचित्र’ असे तीन शब्द आढळतात. यांच्या अर्थांत भेद आहे काय? तसेच ‘पॉडकास्ट’ आणि ‘ऑफबीट’ यांना रूढ मराठी शब्द आहेत का?

उत्तर : ‘वृत्तचित्र’ हा हिंदीतला शब्द असून मराठीत त्याच्या जवळ दिसणारा ‘वृत्तपट’ वेगळ्या वस्तूचे नाव आहे, घडलेल्या घटनेचे वार्तांकन करणारे चित्रण म्हणजे वृत्तपट. सावेदादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी 1901 मध्ये रँग्लर परांजपे यांच्या स्वागतसमारंभाचे जे चित्रण केले, त्याला वृत्तपट म्हणणे योग्य, माहितीपट म्हणणे नव्हे. ‘माहितीपट’ आज सर्वाधिक रूढ आहे, परंतु हा शब्द मला थोडा कोरडा वाटतो, कारण एखाद्या कलावंताच्या घरात कॅमेरा नुसता थांबून राहतो, निवेदन जवळजवळ नसतेच, अशा कृतीतून मिळते ती केवळ माहिती नसते. ‘अनुबोधपट’ जुन्या लेखनात अधिक दिसतो.

दुसरे मत : ‘अनुबोधपट’ या शब्दावर उपदेशाची छाया आहे, म्हणून तो मागे पडला असावा. 1948 मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेचे पट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जात. कुटुंबनियोजनापासून शेतीपर्यंत सरकारला जे सांगायचे असे ते त्यांतून सांगितले जाई, आणि अनेक प्रेक्षक तेवढा वेळ बाहेरच रेंगाळत. त्याच संस्थेने काही धीट प्रयोगही केले, हे मात्र विसरले जाते.

उत्तर : छायेबद्दल सहमत आहे, तरी एक गंमत नोंदवतो. ब्रिटिश चित्रपटकार जॉन ग्रिअर्सन यांनी 1926 मध्ये अमेरिकन चित्रपटकार रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या सामोआ बेटांवरील चित्रणाविषयी लिहिताना ‘डॉक्युमेंटरी’ हे विशेषण वापरले आणि इंग्रजीत ते या चित्रप्रकाराला चिकटले. त्यामागच्या ‘डॉक्युमेंट’ शब्दाचे मूळ ‘शिकवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. म्हणजे दस्तऐवजाचा अर्थ नंतरचा, बोधाचा आधीचा. त्या दृष्टीने ‘अनुबोधपट’ मुळाला अधिक धरून आहे.

‘पॉडकास्ट’साठी ‘श्रुतिका’ सुचवली जाते, ती मला मान्य नाही. नभोवाणीवरील छोट्या नाट्याला तो शब्द दीर्घकाळ वापरला गेला आहे. तो पॉडकास्टला दिला, तर जुन्या श्रुतिका शोधणाऱ्याच्या हाती गप्पांचे कार्यक्रम लागतील. 2004 मध्ये इंग्रजी वृत्तपत्रीय लेखनात जन्मलेला ‘पॉडकास्ट’ मराठीत पुल्लिंगी रुळला आहे (‘तो पॉडकास्ट ऐकला’), आणि त्याच्या एकेका खंडाला ‘भाग’ पुरेसा आहे.

तिसरे मत : ‘ऑफबीट’ला ‘समांतर’ म्हणू नये, कारण त्या शब्दाने चित्रपटातील एका विशिष्ट प्रवाहाकडे निर्देश होतो. ‘चाकोरीबाहेरचा’ हे शैलीला आणि ‘आडवाटेचा’ हे विषयाला लावावे, असे मी करतो.

उत्तर : हा भेद उपयोगी आहे. प्रश्नकर्त्याने शोध घेताना ‘माहितीपट’ने आरंभ करावा, जुन्या लेखांसाठी ‘अनुबोधपट’ टाकावा, आणि ‘डॉक्युमेंटरी’ व ‘डॉक्युमेंट्री’ ही दोन्ही लेखने स्वतंत्रपणे तपासावीत. एकाच लेखनावर विसंबल्यास दुसऱ्याखाली नोंदवलेले निसटू शकते.