अकरावीच्या मुलांना हवामानबदलाच्या कामात कसं ओढायचं?

गोदाकाठ: नाशिकमधल्या कॉलेजात जूनपासून ४० मुलांचा गट करायचाय. पोस्टर, भाषणं नकोत. खर्च जवळपास शून्य. काय करावं?

थेंबमोजणी: पाऊस मोजायला लावा. दोन लिटरची सरळ बाटली वरून कापा, कापलेला भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवा. तळ उंचसखल असतो, म्हणून खडे टाकून ते बुडेपर्यंत पाणी भरा. तिथे शून्याची रेघ. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटलीला कंबर असेल तर आकडे चुकणारच! झाड-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. नोंद रोज सकाळी ८.३० ला, हवामान खात्यासारखी. पाऊस नसेल तर ० लिहा. रकाना मोकळा सोडला की पाऊस नव्हता की मुलगा आला नव्हता, कळत नाही.

रानवारा: फक्त एका वर्षाच्या आकड्यांवरून ‘बघा, हवामान बदललं’ म्हणू नका. सरासरी ३० वर्षांची धरतात. कारण मात्र जरूर सांगा: हवा १ अंश सेल्सिअसने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून मोठ्या सरींचा जोर वाढतो. मग द्राक्षबागेत न्या. छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी (वेलीवरचा बुरशीसारखा रोग) येतो, हे निफाड-दिंडोरीच्या मुलांना घरूनच ठाऊक असतं. ध्रुवावरच्या अस्वलापेक्षा हे लवकर पोचतं.

गोदाकाठ: उन्हाने शून्याचं पाणी उडेल ना?

थेंबमोजणी: उडतंच. रोज नोंदीनंतर पाणी पुन्हा रेघेवर आणा. नरसाळ्याला जाळी लावा, डास होणार नाहीत.