खानापूर-बेळगाव रोजच्या वापराला छोटी ईव्ही
रोज खानापूर-बेळगाव करायला छोटी ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक कार, घ्यायची म्हटलं की काहीजण रेंजची, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी पुरेशी धावणार नाही अशी, भीती घालतात. पण जाऊन-येऊन हे ६० किलोमीटरच्या आत बसतं, तेव्हा ती भीती मला पटत नाही. टाटाच्या टियागो ईव्हीची १९.२ युनिटांची (kWh) छोटी बॅटरीसुद्धा त्याला पुरून उरेल. खरी अडचण घरच्या वायरिंगची! जुन्या घरात अर्थिंग धड नसलं की चार्जर फॉल्ट दाखवतो, चार्जिंग सुरूच होत नाही. म्हणून बुकिंगआधी वायरमन बोलवा, मीटरपासून चार्जरसाठी वेगळी लाईन ओढून घ्या. पावसाळ्यात लाईट जाते हे खरं, पण रोज थोडं थोडं भरत राहिलात तर एखादी रात्र चुकल्याने अडत नाही.

गोव्याला जाताना लागणाऱ्या चोर्ला घाटाचा हिशोब मात्र वेगळा. घाट उतरताना थोडा चार्ज परत मिळतो, पण येताना तोच चढायचाय, तेव्हा गोव्यातूनच भरून निघा.