दिराला 'बाहेरचं' झालंय म्हणतायत, डॉक्टरकडे न्यायचं कसं?

कृष्णाकाठची_सून
मोठं आहे पण वाचा प्लीज. माझा धाकटा दीर, वय 24. सात-आठ महिने झाले एकटाच बोलतो, रात्र रात्र जागा, आणि जेवणात कोणीतरी काहीतरी कालवलंय म्हणून माझ्या हातचं खात नाही. सासूबाईंनी देवऋष्याकडे नेलं, त्याने सांगितलं भावकीतल्याच कोणीतरी करणी केलीय, झालं, तेव्हापासून चुलत सासऱ्यांच्या घराशी बोलणं बंद. मग गाणगापूर झालं. आता म्हणतायत लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल. मी मानसोपचारवाल्या डॉक्टरांचं नाव काढलं तर सासरे म्हणाले, गावात कळलं तर नणंदेला स्थळ येणार नाही. मी या घरात आले तेव्हा तो सातवीत होता, मला भावासारखा आहे. काय करू?

दादाचा_भाऊ
ताई, आमच्याकडे अगदी हेच. माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात, नको तो संशय येतो असा मनाचा आजार. कोणी ओळखीचं दिसायला नको म्हणून आम्ही तीन तास लांबच्या शहरातला डॉक्टर गाठला, मग एसटीचं भाडं, रोज बुडतो, म्हणून फेऱ्या चुकल्या, गोळ्या बंद पडल्या, परत पहिल्यापासून सगळं. लपवण्यात आमची दोन वर्षं गेली आणि ती दादाला भोवली.

सासूबाईंशी करणी खरी की खोटी हा वाद घालूच नका. आम्ही आईला म्हटलं, देवाचं तू कर, तो झोपत नाही तेवढं डॉक्टरला दाखवू. झोप लागत नाही म्हटलं की कोणाला लाज वाटत नाही. आणि गोळी जेवणात मिसळून देऊ नका, त्याला आधीच संशय आहे, एकदा पकडलं तर तुमच्यावरचा उरलासुरला विश्वास पण जाईल.

लग्न आत्ता नकोच. आम्ही दादाचं लावलं, काही न सांगता. तीन महिन्यांत वहिनी माहेरी गेली. तिचा काय दोष होता, अजून रात्री आठवतं मला.

वकिलीण_बाई
लग्नाबद्दल वरच्यांशी सहमत. आजार लपवून लावलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली कोर्टातून रद्द होऊ शकतं, मग ज्या बदनामीला घाबरताय ती दुप्पट होते.

दुसरं, भूत उतरवतो म्हणून कोणी बांधलं, मारलं, मिरचीची धुरी दिली तर महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. 2001 साली तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या आश्रमात आग लागली, रुग्ण साखळदंडाने बांधलेले, पळता येईना, 28 माणसं गेली. ती माणसं घरच्यांनीच बरं वाटावं म्हणून नेऊन ठेवलेली होती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीने बांधायला साफ बंदी आहे.

माणदेशी
थोडं वेगळं बोलतो. माझ्या आजीच्या अंगात यायचं. एरवी सासूपुढे तोंड न उघडणारी बाई, पण अंगात आलं की आजोबांना पण खडसवायची आणि सगळे हात जोडून ऐकायचे. तिला दुसरीकडे कुठे बोलायला जागाच नव्हती! म्हणून सगळंच आजार म्हणू नये आणि सगळंच देवाचं पण म्हणू नये.

2014 च्या सुमारास एक अभ्यास आला होता, कॅलिफोर्निया, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई. तिन्हीकडे स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना विचारलं, तुम्हाला ऐकू येणारे आवाज काय म्हणतात. अमेरिकेतल्यांना जास्त करून मारामारीचे, परके आवाज. चेन्नईत बऱ्याच जणांना घरच्या माणसांचे, आवर, अंघोळ कर, कामं कर असे. म्हणजे आजार तोच, पण माणूस जिथे वाढला तिथलं बोलणं त्यात उतरतं. दिराला शांतपणे विचारा कोण बोलतं, काय बोलतं. बरेचदा कोणी विचारलेलंच नसतं.

आणि 14416 वर फोन करा, टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

कृष्णाकाठची_सून
काल रात्री हे सगळं मिस्टरांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले सोमवारी नेऊ. सासूबाईंना झोपेचंच सांगितलंय, त्या अंगारा बरोबर देणार आहेत, घेऊन जाईन. दिराला विचारलं कोण बोलतं. म्हणाला आजोबा, ते मला शेतावर जायला सांगतात. इतकं सरळ सांगेल वाटलं नव्हतं. सिव्हिलला केसपेपर किती वाजता काढावा लागतो, कोणी सांगेल का?